चार दिवस उभी राहिली की गाडी सुरूच होत नाही

प्रश्नाचा सारांश: एका वाचक भगिनींची छोटी पेट्रोल गाडी अठरा वर्षांची आहे. गेल्या वर्षभरापासून ती चार दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही, नुसता टकटक आवाज येतो. आठ महिन्यांपूर्वी ३५ ॲम्पिअर-तासांची नवी बॅटरी घातली, तरी फरक पडला नाही. एका मेकॅनिकच्या मते डायनॅमो बदलायला हवा. दुसरा म्हणतो, वायरिंग जुनी झाली आहे, सगळी नवी टाका. घरच्यांचा आग्रह गाडी विकण्याचा आहे. सध्या त्या रोज रात्री बॅटरीचे टर्मिनल काढून ठेवतात आणि तसे केले की आठवड्यानेही गाडी एका झटक्यात सुरू होते. टर्मिनल काढायला विसरल्या तर दुसऱ्या दिवशी गाडी दहा मिनिटे जागेवरच चालू ठेवतात. दोन वर्षांपूर्वी जुना रेडिओ काढून त्यांनी पडदा असलेली म्युझिक सिस्टिम आणि रिमोटवर चालणारे सेंट्रल लॉकिंग बसवून घेतले होते. खर्च करत राहावे, की गाडीचे आयुष्य संपले असे समजावे, असे त्या विचारतात.

नमस्कार,

तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती तुम्ही जाता जाता लिहिली आहे. टर्मिनल काढून ठेवले तर आठवड्यानेही गाडी सुरू होते, हे तुमचे निरीक्षण दोन्ही मेकॅनिकच्या मतांपेक्षा जास्त काही सांगते. बॅटरी आतून खराब असती, तर टर्मिनल काढलेले असतानाही ती आठवड्याभरात उतरली असती. स्टार्टर बिघडलेला असता, तर बॅटरी भरलेली असतानाही त्याने अधूनमधून त्रास दिला असता. आणि अल्टरनेटर, ज्याला आपण सवयीने डायनॅमो म्हणतो, बॅटरी भरतच नसता, तर इतके महिने गाडी चाललीच नसती. तेव्हा गाडी बंद असताना तिच्यातली कोणती तरी वस्तू बॅटरीतून प्रवाह ओढत राहते आहे, हे तुम्ही स्वतःच जवळजवळ सिद्ध केले आहे. आता राहतो तो एवढाच प्रश्न, की ती वस्तू कोणती.

तुमच्यासारखीच तक्रार असलेल्या इतर वाचकांनीही आधी हीच परीक्षा करावी. बॅटरी पूर्ण भरून, ऋण टर्मिनल काढून गाडी चार-पाच दिवस उभी ठेवावी. तरीही बॅटरी उतरली, तर दोष बॅटरीतच आहे. रोज चांगली दूरवर चालणारी गाडीही सकाळी कुरकुरत असेल, तर चार्जिंग तपासावे: इंजिन चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. आणि दिवे लख्ख लागतात पण सेल्फ मात्र लागत नाही, असे असेल, तर टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी, इंजिनला जोडलेली अर्थिंगची जाड पट्टी आणि स्टार्टर यांकडे वळावे. या तिन्ही प्रसंगी गळती, म्हणजे बंद गाडीत वाहत राहणारा असा प्रवाह, शोधत बसणे म्हणजे वेळ वाया घालवणे.

तुमच्या बाबतीत मात्र गळतीच शोधायची आहे. त्यासाठी आधी थोडा हिशेब करू, कारण त्याने संशयितांची यादी बरीच आखूड होते. तुमची बॅटरी ३५ ॲम्पिअर-तासांची आहे, म्हणजे एक ॲम्पिअरचा प्रवाह ती साधारण ३५ तास देऊ शकते. तिच्यातले साधारण २० ॲम्पिअर-तास निघून गेले की सेल्फ लागण्याची शाश्वती उरत नाही. चार दिवस म्हणजे ९६ तास. २० ला ९६ ने भागले की ०.२ ॲम्पिअर, म्हणजे २०० मिलिॲम्पिअरच्या आसपासचा सततचा प्रवाह येतो. बॅटरी मुळातच पूर्ण भरलेली नसेल तर याहून कमी, शंभर-सव्वाशे मिलिॲम्पिअरचा प्रवाहही तेवढेच नुकसान करील. बंद गाडीने थोडा प्रवाह घेणे गैर नाही, कारण घड्याळ, रेडिओची आणि इंजिनच्या संगणकाची स्मृती, लॉकिंगचा रिसीव्हर यांना तो लागतोच. २० ते ५० मिलिॲम्पिअर असेल तर निर्धास्त राहावे. ५० मिलिॲम्पिअरने दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास खर्च होतात आणि तुमची बॅटरी त्यावर दोन आठवडे तरी सहज काढील.

आता हा २०० चा आकडा संशयितांना लावून पाहा. डिकीतला किंवा ग्लोव्ह बॉक्समधला ५ वॅटचा दिवा विझतच नसेल, तर तो ०.४ ॲम्पिअर घेतो. त्याने तुमची गाडी दोन दिवसांतच बसली असती. तरी त्याची खातरजमा फुकटात होते, म्हणून करून टाका. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो आत ठेवा, झाकण बंद करा, मिनिटभराने काढून पाहा. एखाद्या रिलेची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचची, कॉइल गाडी बंद असतानाही चालूच राहत असेल, तर ती एकटीच दीडशे मिलिॲम्पिअरच्या जवळपास ओढू शकते. बंद केल्यावरही पूर्ण न झोपणारी म्युझिक सिस्टिम, नंतर बसवलेला लॉकिंगचा डबा आणि अल्टरनेटरमधला गळका डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हेही याच पट्ट्यात बसतात. तेव्हा पहिल्या मेकॅनिकचे म्हणणे अगदीच निराधार नाही. अल्टरनेटर उत्तम चार्जिंग करत असतानाही त्यातला एखादा डायोड गाडी बंद असताना प्रवाह उलटा वाहू देऊ शकतो. फक्त तसे मोजून दाखवल्याखेरीज अल्टरनेटर बदलणे हा अंदाजावरचा खर्च ठरेल.

या टप्प्यावर मला तुम्हाला एक प्रश्न विचारावासा वाटतो. म्युझिक सिस्टिम आणि लॉकिंग बसवून दोन वर्षे झाली आणि त्रास वर्षभरापासूनचा आहे, म्हणून कदाचित तुम्ही त्या दोन वस्तूंना निर्दोष धरले असेल. पण गेल्या वर्षापासून तुमचे गाडी चालवणेच कमी झाले आहे का? रोज तासभर चालणाऱ्या गाडीत २०० मिलिॲम्पिअरची गळती लपून राहते. रात्रीत जाते ते दिवसा भरून निघते. तीच गाडी आठवड्यातून दोनदा जवळपास जाऊन येऊ लागली, की आधीपासून असलेली गळती एकाएकी उघडी पडते. त्रास कधी जाणवू लागला आणि दोष कधी निर्माण झाला, या दोन वेगळ्या तारखा असू शकतात, आणि बाहेरून बसवलेल्या वस्तूंचा निवाडा करताना हे विशेष लक्षात ठेवावे लागते.

जागेवर दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याची सवयही याच हिशेबात तपासा. २०० मिलिॲम्पिअरने दिवसाला जवळपास ५ ॲम्पिअर-तास जातात. सेल्फ मारताना प्रवाह फार मोठा, शंभर-दीडशे ॲम्पिअर किंवा त्याहूनही जास्त असतो, पण तो दोन-तीन सेकंदच टिकतो, त्यामुळे त्यात खर्च होणारा साठा अगदी थोडा असतो. खरी तूट दिवसभराच्या गळतीची आहे. अल्टरनेटर इंजिनाच्या मंद गतीला कमी प्रवाह देतो, शिवाय लेड-ॲसिड बॅटरी भरत आली की तो सावकाशच घेते. दहा मिनिटांत ५ ॲम्पिअर-तास परत जात नाहीत, आणि मग बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट भरलेलीच राहते. अशा बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण थर बसतात आणि तिची क्षमता कायमची घटते. तुमची आठ महिन्यांची बॅटरीही त्यामुळे आज पूर्ण ३५ ॲम्पिअर-तासांची राहिली नसण्याचा संभव आहे. दोष सापडेपर्यंत तिला आठवड्यातून एकदा चार्जरवर पूर्ण भरून घ्या. चार्जर काढल्यावर काही तास तशीच ठेवून मोजली असता १२.६ व्होल्टच्या आसपास दिसली तर ती भरली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि १२ च्या खाली गेली तर ती जवळपास रिकामी समजा.

आता मोजणीकडे येऊ. हे काम घरी करता येण्याजोगे आहे, पण घाईने करण्याचे नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, फक्त त्यावर १० ॲम्पिअरचे स्वतंत्र भोक असायला हवे. हातातली अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवा. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो, म्हणून जवळ ठिणगी किंवा ज्योत नको. गाडीची किल्ली काढून स्वतःजवळ, गाडीबाहेर ठेवा, कारण टर्मिनल लावता-काढताना सेंट्रल लॉकिंग आपोआप लागण्याचा धोका असतो. बोनेट उघडे राहणारच आहे. त्याखाली दिवा असेल तर त्याचा बल्ब काढा. ज्या बाजूचा फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली आहे, तिकडचे दार उघडे ठेवून त्याची कडी स्क्रू-ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला आणि चौकटीवर दाराचे बटण असल्यास तेही चिकटपट्टीने दाबून ठेवा, म्हणजे दार बंद आहे असे गाडी समजेल आणि पुढे फ्यूज काढताना तुम्हाला दार उघडावे लागणार नाही. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा.

मोजणी नेहमी ऋण बाजूला करावी. धन टर्मिनलवर लावलेला पाना चुकून गाडीच्या पत्र्याला टेकला तर थेट शॉर्टसर्किट होते. ऋण बाजूला ही भीती नसते, कारण पत्रा आधीच त्याच बाजूला जोडलेला आहे. मीटरची लाल वायर १० ॲम्पिअरच्या भोकात घाला, चकती डीसी ॲम्पिअरवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला आणि दुसरे त्यावरून निघणाऱ्या केबलच्या पकडीला टेकवा, आणि दोन्ही टेकलेली असतानाच मदतीला असलेल्या व्यक्तीने पकड हळूच वर उचलून बाजूला घ्यावी. असे केले की वीज एक क्षणही तुटत नाही आणि गाडीतली उपकरणे नव्याने जागी होत नाहीत. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, हेडलाइट लावू नका. मीटरचा फ्यूज त्याच क्षणी उडेल.

सुरुवातीला दिसणारा आकडा मोठा असेल, त्याने घाबरू नका. निदान अर्धा-पाऊण तास गाडीला हात न लावता थांबा. काही उपकरणे किल्ली काढल्यावर बराच वेळ जागी राहून मगच झोपतात, आणि त्याआधी केलेली मोजणी निरपराध वस्तूला दोषी ठरवते. गळतीचे निदान चुकण्याचे सर्वांत मोठे कारण, माझ्या मते, हे न थांबणेच आहे. गॅरेजमध्ये रांगेत दहा गाड्या असताना एका गाडीजवळ पाऊण तास नुसते उभे राहणे कोणत्याही कारागिराला परवडत नाही, आणि म्हणूनच हे काम मालकाने स्वतः केले तर बरेचदा अधिक नेटके होते.

आकडा स्थिर झाल्यावर तो कागदावर लिहा. तो १५०-२५० च्या घरात निघाला, तर फ्यूज एकेक करून काढायला लागा. त्याआधी फ्यूज बॉक्सचे छायाचित्र घेऊन ठेवा. एक बॉक्स डॅशबोर्डखाली आणि दुसरा बहुधा बोनेटखाली असतो. फ्यूज काढा, मीटर पाहा, तोच फ्यूज त्याच जागी परत लावा, मग पुढचा. ज्या फ्यूजबरोबर आकडा धाडकन ३०-४० वर येईल, त्या फ्यूजच्या मागे दोषी वस्तू आहे. एका फ्यूजवर अनेक वस्तू असतात, तेव्हा पुढची फेरी त्या वस्तूंचे प्लग सोडवण्याची. आकडा थोडाच खाली आला तर तो फ्यूज लक्षात ठेवून पुढे चला. दोन लहान गळत्या मिळून एक मोठी होते, असेही घडते. फ्यूज परत लावल्यावर एखादे उपकरण पुन्हा जागे झाले तर आकडा चढेल. तो पुन्हा बसेपर्यंत थांबावे लागते. ही कटकट टाळायची असेल, तर फ्यूज न काढताच त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजता येतात. ज्या फ्यूजमधून प्रवाह वाहत नाही त्यावर शून्य दिसते, वाहत असेल तर मिलिव्होल्टचा अंश तरी दिसतोच. मात्र त्यासाठी टर्मिनल नेहमीसारखे जोडलेले असावे, आणि मीटरची लाल वायर ॲम्पिअरच्या भोकातून काढून व्होल्टच्या भोकात घातलेली असावी. हे विसरले तर मीटर स्वतःच शॉर्टसर्किट घडवून आणतो.

सगळे फ्यूज तपासूनही आकडा हलला नाही, तर फ्यूज बॉक्सला वळसा घालून जाणाऱ्या जोडण्या पाहायच्या. पहिली, बॅटरीच्या धन खांबावरून थेट घेतलेल्या वायरी. नंतर बसवलेल्या वस्तूंच्या वायरी पुष्कळदा अशाच ओढलेल्या असतात. दुसरी, अल्टरनेटरची जाड वायर. ती सोडवण्यापूर्वी ऋण टर्मिनल पूर्ण काढावे, सोडवलेले टोक चिकटपट्टीने नीट गुंडाळावे आणि मग पुन्हा मोजावे. आकडा सामान्य झाला तर डायोड गळका आहे आणि पहिला मेकॅनिक बरोबर होता. तेव्हाही संपूर्ण अल्टरनेटर बदलण्याआधी त्यातला डायोडांचा संच वेगळा बदलता येतो का, ते विचारून पाहा.

म्युझिक सिस्टिमबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझा झुकता संशय तिच्यावर आणि लॉकिंगवर आहे. बाजारातल्या बहुतेक सिस्टिमना दोन धन वायरी असतात: पिवळी स्मृतीसाठी सतत चालू, आणि लाल किल्लीबरोबर चालू-बंद होणारी. बसवणाऱ्याला किल्लीवर चालणारी वायर सापडली नाही, की तो कधी कधी दोन्ही एकत्र पिळून कायमच्या पुरवठ्याला जोडून देतो. पडदा काळा दिसतो, पण किल्ली फिरलेलीच आहे असे सिस्टिम समजत राहते. असे आढळले तर लाल वायर योग्य जागी जोडून घेणे हा अर्ध्या तासाचा उपाय आहे, आणि सिस्टिम बदलण्याचे काही कारण उरत नाही. लॉकिंगच्या डब्यात दोष निघाला तर तो काढून टाकून आठवडाभर किल्लीने दार उघडून पाहा. त्या आठवड्यात बॅटरी टिकली की निर्णय घेणे सोपे जाईल.

मोजणीत काहीच सापडले नाही, तर ते अपयश मानू नका. काही गळत्या अधूनमधूनच होतात: रिले एखाद्या वेळीच चिकटतो, झिजलेले इग्निशन स्विच किल्ली काढली तरी कधी कधी पूर्ण बंद होत नाही, ब्रेक दिव्याचे स्विच अडकते, पाऊस पडला की ओलावा एखाद्या कनेक्टरमध्ये शिरतो. अशा वेळी कोणत्या दिवशी बॅटरी उतरली, आदल्या दिवशी पाऊस होता का, शेवटी काय वापरले होते, याची नोंद ठेवावी. उभ्या गाडीतले रिले काही तासांनी हाताने चाचपून पाहावेत. त्यातला एखादा कोमट लागला तर त्याची कॉइल चालू आहे.

सगळी वायरिंग बदलण्याच्या सल्ल्याला मात्र मी स्पष्ट विरोध करतो. तांब्याची तार केवळ वय झाले म्हणून वीज पिऊ लागत नाही. आवरण घासून तार पत्र्याला टेकली तर बहुतेक वेळा फ्यूज उडतो, आणि तुमच्या पत्रात फ्यूज उडाल्याचा उल्लेख नाही. संपूर्ण वायरिंग उकलून नवी घालण्यात शेकडो जोडण्या नव्याने कराव्या लागतात आणि त्यातली प्रत्येक उद्याच्या दोषाची जागा होऊ शकते. शिवाय जी वस्तू प्रवाह ओढते आहे ती नव्या वायरिंगलाही तशीच जोडली जाईल.

हे सारे स्वतः करणे जमणार नसेल, तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, पण काम वेगळ्या शब्दांत सांगा. ‘बॅटरी उतरते, बघा’ असे म्हटले की सुटा भाग बदलण्याकडे कल जातो. त्याऐवजी ‘बंद गाडी किती मिलिॲम्पिअर घेते ते मोजा, कोणत्या फ्यूजवर आकडा उतरतो ते दाखवा, आणि शोधण्याच्या वेळेचे पैसे वेगळे घ्या’ असे सांगा. गाडी त्याच्याकडे रात्रभर ठेवण्याची तयारी ठेवा. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजून नवा आकडा मागा. माझ्या दृष्टीने त्या आकड्याशिवाय दुरुस्ती पूर्ण होत नाही.

तोवर रोज टर्मिनल काढण्याचा क्रम थांबवावा, असे मला वाटते. बॅटरीचे खांब शिशाचे, म्हणजे मऊ असतात. रोजच्या काढण्या-घालण्याने ते झिजतात, पकड सैल बसते आणि एक दिवस तीच सैल पकड नवा बिघाड होऊन बसते. ऋण बाजूला बसवण्याचे कट-ऑफ स्विच मिळते, ते लावून घ्या. ते बंद असताना घड्याळ, रेडिओची स्मृती आणि रिमोट लॉकिंग चालणार नाही, एवढी गैरसोय काही दिवस सोसा. इंजिन चालू असताना मात्र ते स्विच कधीही बंद करू नका किंवा टर्मिनल काढू नका. अल्टरनेटर तपासण्याची ती जुनी रीत अजून काही जण वापरतात, पण त्या क्षणी उसळणाऱ्या व्होल्टेजने इंजिनाचा संगणक जळू शकतो.

गाडी विकण्याबद्दल बोलायचे, तर इंजिन, ब्रेक, पत्रा आणि तुमची गरज पाहून तो निर्णय जरूर घ्या. बॅटरी उतरते हे त्यासाठीचे कारण नव्हे, कारण नव्या गाडीतही हा दोष उद्भवतो. विकायचे ठरलेच, तरी आधी हा दोष शोधून घ्या किंवा घेणाऱ्याला तो स्पष्ट सांगा. येत्या सुटीच्या दिवशी बॅटरी पूर्ण भरून मोजणी करा आणि अर्ध्या-पाऊण तासानंतरचा आकडा, तसेच तो कोणत्या फ्यूजवर उतरला, हे मला कळवा; पुढचे पाऊल त्यावरून ठरवता येईल.